उठता उठता

“काही पडलंय का तुमचं?” असं त्या माणसानं थांबून विचारलं, तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं, की सिग्नल मिळाल्यापासून अख्खा रस्ता ओलांडून होईपर्यंत आपण एका परक्या पुरुषाच्या गुडघ्यांकडे टक लावून बघत आलो आहोत. पन्नाशीचा गृहस्थ, उजव्या हातात जड पिशवी, कपाळावर आठी. खोटं बोलायला वेळ मिळाला असता तर ती बोललीही असती, पण तोंडातून खरंच निघून गेलं. “नाही हो. पिशवी तुमच्या उजव्या हातात आहे आणि अंग मात्र डावीकडे जातंय. ते कसं जातंय, ते बघत होते.” गृहस्थानं आधी पिशवीकडे पाहिलं, मग पायांकडे. “डॉक्टर आहात?” “नाही.” “मग?” ती उगाच हसली. गृहस्थानं पिशवी डाव्या हातात घेतली आणि तो चालू लागला. पण आता तो आपल्याकडे कुणी बघतंय हे कळलेल्या माणसासारखा चालत होता, म्हणजे अगदीच वाईट. ती पदपथाच्या कडेला उभी राहिली आणि मागून येणारी माणसं तिला वळसा घालून जाऊ लागली. मग? चाळिशी उलटलेली बाई, कॉलेजात जाणाऱ्या मुलीची आई, विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासणारी, सध्या बिनपगारी रजेवर. यातलं काहीही सांगता आलं असतं, पण यातल्या कशानंच तिला परक्याच्या गुडघ्यांकडे बघायचा हक्क मिळत नव्हता. ज्यानं मिळत होता, ते म्हणायला जीभ रेटेना, कारण ते अजून ठरायचं होतं. व्हिडिओ गेममधली पात्रं हलवायला शिकवणाऱ्या ज्या वर्गात ती वर्षभर जात होती, तो वर्ग या आठवड्यात संपत होता. एका स्टुडिओनं आपल्या नव्या खेळातल्या नायकाच्या हालचाली वर्गात वाटून दिल्या होत्या. ज्याची हालचाल खेळात टिकेल त्याला नोकरी, बाकीच्यांना प्रमाणपत्र. प्रमाणपत्र घेऊन पोरं आणखी दहा ठिकाणी गेली असती. ती परत विमा कंपनीत गेली असती, सोमवारी, सकाळी, त्याच खुर्चीवर.

खुर्चीचं तसं काही वाईट नव्हतं. उलट साहेब भला माणूस, रजेचा अर्ज वाचून तो हसला नाही, नुसताच चष्मा पुसत राहिला आणि म्हणाला, “जा, हौस फिटली की या. खुर्ची आहे तशीच ठेवतो.” या ‘हौस फिटली की’नं तिच्या अंगाचा जो तिळपापड झाला होता, तो अजून पुरता शमला नव्हता. त्या खुर्चीवर बसून तिनं किती माणसं पडताना पाहिली होती! पाहिली म्हणजे कागदावर. जिन्यावरून घसरले, न्हाणीघरात पाय सटकला, शिडी हलली, चालत्या बसमधून उतरताना तोल गेला. शेजारच्या टेबलावरच्या बाईला ते नुसते दावे वाटायचे आणि ती दुपारपर्यंत ढीग संपवून विणकाम काढायची. हिचं मात्र एकेका कागदापाशी घोडं अडायचं. डोळे मिटले की तो माणूस तिला दिसायचा: पाय कुठला आधी गेला, हात कशाला लागला, डोकं वाचवायला मान कुठं वळली. एकदा तिनं एका दाव्यावर लिहिलं होतं, ‘असं पडता येत नाही’, आणि साहेबांनी ते खोडून ‘अधिक माहिती मागवावी’ असं सभ्य वाक्य घातलं होतं. तिला राहून राहून नवल वाटे ते दुसऱ्याच गोष्टीचं. पडल्यानंतरचं कुणी काही लिहीतच नसे. पडलो, इथं लागलं, इतके दिवस अंथरुणावर होतो. आणि मग? कुणी उचललं? आधी कुठला हात टेकला? लाज वाटली का? सगळी माणसं कागदावर पडलेलीच राहायची, आणि संध्याकाळी ती फाइल मिटून घरी जायला उठायची तेव्हा तिला उगीचच आपण त्यांना तिथं टाकून चाललोय असं वाटायचं.

हे असलं वाटणं लहानपणापासूनचं. घरात तिला ‘माकड’ म्हणत, कारण ती माणसांच्या चाली उचलायची. बोलण्याची नक्कल तर कुणीही करतं; ही चालण्याची करायची. दूधवाला, शाळेतल्या बाई, वरच्या मजल्यावरचे वकील. एका सुट्टीच्या सकाळी तिनं आपल्या बाबांची चाल करून दाखवली. बाबा बँकेत रोखपाल, दिवसभर काचेमागं बसणारे. त्यामुळं उठले की थोडा वेळ ते अजून बसल्यासारखेच चालायचे, कंबर मागं आणि हनुवटी पुढं. आई हसून हसून भिंतीला टेकली. बाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी विचारलं, “मी असा चालतो?” आणि मग तो सबंध दिवस ते घरातल्या घरात ताठ चालायचा प्रयत्न करत राहिले, स्वयंपाकघरात पाणी प्यायला जातानासुद्धा. संध्याकाळी थकून बसले आणि म्हणाले, “बरोबर बघतेस गं तू. पण असल्या बघण्यानं पोट भरत नाही, माकडा.” ते वाक्य त्यांनी मायेनं म्हटलं होतं आणि म्हणूनच ते इतकं खोल रुतलं. रागानं म्हटलं असतं तर तिनं हट्टानं मोडून काढलं असतं. मायेपुढं काय करणार? तिनं चाली उचलणं सोडलं, वाणिज्य शाखा घेतली, आणि बघणं मात्र चोरून चालू ठेवलं.

मग गेल्या वर्षी लेक खेळत बसली होती. मोठ्या पडद्यावर कुणी एक योद्धा, राक्षसाचा तडाखा खाऊन दहा हात लांब उडाला, दगडावर आपटला, आणि टुणकन उभा राहिला. ती कपड्यांच्या घड्या घालता घालता खदखदून हसली. “हसायला काय झालं?” “अगं, हा पडलाच नाही. ह्याला कुणीतरी आडवा ठेवला आणि परत उभा केला.” लेकीनं खेळ थांबवला. तोच तुकडा पुन्हा लावला, मग आणखी एकदा, आणि तोंड वाकडं करून म्हणाली, “झालं! आता मला तेच दिसत राहणार. आई, तू माझा खेळ नासवलास. एवढं कळतं तर तू का नाही करत?” आईनं काही करायला घ्यावं अशी लेकीची मुळीच अपेक्षा नव्हती, वैतागून बोललेली ती. पण काही वाक्यं बोलणाऱ्याला सोडून ऐकणाऱ्याकडे राहायला येतात. पुढच्या महिन्यात ती वर्गाच्या दारात उभी होती, पाण्याची बाटली आणि घरून आणलेली मऊ उशी घेऊन, आणि आतली पोरं तिला कुणाची तरी आई समजून “कोण हवंय, काकू?” असं विचारत होती. ‘काकू’ तिथूनच चिकटलं. शिकवणारा तिच्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान, सडपातळ, सतत भुकेला दिसणारा. कुणाचंही काम बघायला आला की आधी पडद्यावरच्या पात्राच्या कमरेवर बोट ठेवायचा. हात छान हलू देत, चेहरा बोलका असू दे, “आधी कंबर. माणूस कमरेतून निघतो, बाकीचं अंग मागनं येतं.” पोरांनी त्याचं नाव कंबरसर ठेवलं होतं आणि त्याला ते माहीत होतं.

पहिले काही महिने तिच्या नाकी नऊ आले. जे डोळ्यांना दिसत होतं ते हातातून उतरेना. पडद्यावरचा सांगाडा म्हणजे दोऱ्या नसलेली कठपुतळी. एक टाच उचलायची म्हटलं तरी आधी कुठं काय धरायचं ते शोधण्यात सकाळ जायची. तिची पात्रं चालायची तेव्हा पाय जमिनीवरून घसरायचे, जणू सगळं जग साबणाचं. पोरं बोटं चालवायची तशी तिची चालत नव्हती, आणि ती घरी येऊन नवऱ्याला म्हणायची, “मी मूर्खासारखी काय करतेय तिथं?” नवरा फार बोलणारा नव्हे. “उद्या डबा काय देऊ, ते सांग,” एवढंच म्हणायचा, आणि त्या विचारण्यात ‘उद्या’ आहे एवढ्यावर ती झोपी जायची. हळूहळू पाय जमिनीला चिकटले. मग एक दिवस तिनं ओझं उचलणारी म्हातारी केली आणि कंबरसरानं पहिल्यांदाच पडद्यावर कमरेवर बोट ठेवलं नाही. म्हणूनच स्टुडिओची कामं वाटली जाताना धावणं, उडी, तलवारीचे वार यांवर पोरांच्या उड्या पडल्या आणि मार खाऊन पडलेल्या नायकाचं उठणं कुणालाच नको होतं, तेव्हा त्यानं विचारलंही नाही. “उठणं ताईंकडे,” म्हणाला. तिनं महिनाभर दुसरं काही केलं नाही. दिवाणखान्यातली टेबलं भिंतीला लावली, मोबाइल चित्रीकरणाला लावून बरणीला टेकवून ठेवला, आणि ती पडत राहिली, उठत राहिली. खालच्या मजल्यावरच्या काकांनी येऊन नवऱ्याला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, “घरात सगळं ठीक आहे ना?” नवऱ्यानं सांगितलं, “हो, ती अभ्यास करतेय.” काकांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

त्या दिवशी, तो पिशवीवाला गृहस्थ मनात घोळवत ती वर्गात पोचली, तेव्हा स्टुडिओचा माणूस येऊन बसलेला होता. माणूस कसला, पोरगाच. त्याचं काम दिवसभर खेळ खेळून त्यातल्या चुका शोधायचं. केस खांद्यापर्यंत, डोळे अर्धे मिटलेले, कुणाशी बोलणं नाही. आधी सगळ्यांची कामं भिंतीवर दाखवली गेली. तिची पाळी आली. अंधारात नायक कोसळला. क्षणभर तसाच राहिला, मग एक बोट हललं, तळवा जमिनीवर चाचपडत आला, कोपर थरथरलं, एक गुडघा पोटाखाली ओढून घेतला, त्यावर हात दाबला, आणि त्या हातावर सगळा जन्म पेलत तो उभा राहिला. खांदे सर्वांत शेवटी सरळ झाले. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती खाली बघत राहिली. तिला कागदावरची ती सगळी माणसं आठवली आणि वाटलं, झालं, उठवलं मी तुम्हाला. कंबरसरानं मात्र टाळी वाजवली नव्हती. तो खेळ चालवायचा कंट्रोलर त्या पोराच्या हातात देत होता. पोरानं खेळ सुरू केला. नायक पुलावर गेला, राक्षसानं हाणला, तो कोसळला. पोरगा बटण दाबू लागला. नायक बोट हलवत होता. पोरानं पुन्हा दाबलं. नायक चाचपडत होता. पोरगा दोन्ही अंगठ्यांनी दाबत सुटला, नायक गुडघ्यावर हात ठेवून आपलं दुःख पेलत होता, आणि तेवढ्यात राक्षसानं दुसरा तडाखा दिला. नायक मेला. पोरगा म्हणाला, “ऐकतच नाही हा.” बस्स. तेवढंच.

तोंडात मारल्यासारखं झालं तिला. तिचा नायक सुंदर उठत होता आणि उठेपर्यंत ज्याच्या हातात तो होता त्या माणसाला विसरला होता. सिनेमात चाललं असतं. खेळात बटण दाबणारा वाट बघत बसत नाही. तो पडला की त्याला तत्क्षणी पळायचं असतं. वर्षभर वर्गात हे शंभरदा ऐकलेलं, आणि तरी तिनं नेमकं हेच केलं होतं, प्रेमापोटी. कंबरसर नंतर तिच्याजवळ येऊन बसला. “ताई, इतकं खरं उठणं मी पाहिलं नाही. पण हे खेळात टिकणार नाही. शुक्रवारपर्यंत बघा काही जमतंय का.” बाजूच्या पोरानं सुचवलं, “काकू, मधलं कापून टाका ना, सोपं आहे.” घरी येऊन तिनं कापलं. बोट काढलं, चाचपडणं काढलं, थरथर काढली. नायक टुणकन उभा राहिला. अगदी तस्साच, लेकीच्या खेळातला. ती त्या टुणकन उठणाऱ्याकडे बघत बसली आणि तिला इतका राग आला, की तिनं पडदाच मिटला. लांब ठेवावा तर मरतो, आखूड करावा तर पडलेलाच नसतो. साहेबांचा फोन आला तो नेमका दुसऱ्या दिवशी. “सोमवारी येताय ना? नाही, कळवलेलं बरं म्हणून विचारतोय. सवड काढून खुर्चीची चाकंही नीट करून घेतलीत.” ती “कळवते” म्हणाली. फोन ठेवला आणि चाकं नीट केलेली ती खुर्ची तिला अगदी स्पष्ट दिसली, आणि ती वाईट दिसत नव्हती.

तरी ती पडायला लागली. दुसरं करणार काय? गुरुवारची दुपार, नवरा कामावर, लेक कॉलेजात. बरणीला टेकलेला मोबाइल. वेगानं उठून पाहिलं, मग कुशीवरून, मग दोन्ही हात रेटून. गुडघे बोलायला लागले होते. अशीच एकदा जमिनीवर अंग टाकून ती छताकडे बघत पडली, उठायची इच्छाच होईना, आणि दाराची घंटा वाजली. वाजतच राहिली. “आले, आले!” म्हणत ती गेली. खालचे काका होते. ठोके ऐकून त्यांच्या जिवाची घालमेल झाली होती आणि या वेळी ते औषधी मलम घेऊनच आले होते. त्यांना समजावून, मलम ठेवून घेऊन, ती परत आली आणि चित्रीकरणातला घंटेचा फालतू भाग पुसून टाकण्यासाठी तो लावून बघू लागली. एकदा बघितला. मग खाली बसली. पुन्हा बघितला. त्यात एक बाई जमिनीवर पडलेली होती, घंटा वाजली आणि ती बाई निघाली होती. उभी राहून मग निघाली नव्हती, निघाली होती. कंबर दाराच्या दिशेनं केव्हाच वळलेली, पहिलं पाऊल पडलेलं, आणि पाठ अजून वाकलेली, एक हात अजून गुडघ्यावर, डोकं सगळ्यांत मागं. खांदे सरळ झाले ते पार दाराशी, कडीला हात घालताना. सगळी वेदना होती, सगळं वजन होतं, पण ते तिच्याबरोबर चालत होतं. तिला थांबवून ठेवत नव्हतं. उठून झाल्यावर जायचं असतं, असं तिला कुणी सांगितलं होतं? आयुष्यभर तिनं तेच धरून ठेवलं होतं: आधी नीट उभं राहू, मुलगी मोठी होऊ दे, बाबांना पटू दे, हात सराईत होऊ देत, मग निघू. आणि प्रत्यक्षात ती वर्षापूर्वीच निघाली होती, वाकलेल्या पाठीनं, उशी काखेत मारून. ती एकटीच मोठ्यानं हसली. मग टेबल ओढून कामाला बसली. लेक आली, नवरा आला, कुणीतरी ताट आणून शेजारी ठेवलं. तिनं कंबर आधी सोडली. बटण दाबताच कंबर निघेल, ज्या बाजूला म्हणाल त्या बाजूला. हात, पाठ, मान, श्वास यांनी आपापल्या सवडीनं मागून यायचं, पळता पळता. डावीकडचं उठणं वेगळं झालं, उजवीकडचं वेगळं, मागं वळून जायचं वेगळं.

शुक्रवारी स्टुडिओतच बोलावलं होतं. खिडकी नसलेली खोली, भिंतभर पडदा, प्रमुख असलेल्या बाई मोबाइलवर काहीतरी वाचत कोपऱ्यात बसलेल्या, कंबरसर दाराशी उभा. लांब केसांच्या पोरानं कंट्रोलर घेतला. नायक पुलावर आला, तडाखा बसला, कोसळला, आणि निघाला. पोरगा पुढं गेला. पूल संपला, गुहा आली, गुहेत दोनदा पडला, दोनदा निघाला. प्रमुख बाईंनी मान वर केली नाही. टाळ्या नाहीत, हूं नाही, चूं नाही. तिनं जीव ओतलेली गोष्ट त्या पोराच्या बोटांखालून एखाद्या पायरीसारखी निघून गेली होती. तिला कंबरसराकडे बघवेना. पोरानं शेवटचा दरवाजा उघडला, टप्पा जिंकला, पडदा उजळला. आणि मग त्यानं नायकाला वळवलं आणि आल्या वाटेनं मागं पळवायला सुरुवात केली. “अरे, उलटा कुठं चाललास?” प्रमुख बाईंनी विचारलं. तो गुहा ओलांडून पुलावर आला, राक्षसासमोर नायकाला उभा केला आणि कंट्रोलर मांडीवर ठेवून दिला. राक्षसानं हाणला. पोरानं कंट्रोलर उचलला, नायकाला डावीकडून काढला, फिरवून पुन्हा समोर आणला. पुन्हा मार खाल्ला. उजवीकडून काढला. पुन्हा.

“जिंकलायस ना तू?” बाई म्हणाल्या. “मग मार कशाला खातोयस?”

“थांबा हो,” पोरगा म्हणाला. त्याचे डोळे पहिल्यांदाच पुरते उघडलेले तिनं पाहिले. “उठायला मजा येतेय.”

बाईंनी मोबाइल पालथा ठेवला, खुर्ची पुढं ओढली आणि “दे जरा इकडं,” म्हणून कंट्रोलर जवळजवळ हिसकावून घेतला. त्या पडल्या. उठता उठता “अरे वा!” म्हणाल्या आणि लगेच पुन्हा पडल्या. बाहेरून जाणारे दोघे आत डोकावले, त्यांनाही पडायचं होतं. कंबरसरानं तर नंबर लावला, आणि नंबर येईपर्यंत तिच्याकडे बघून नुसता हसत राहिला, दोन्ही हात कमरेवर ठेवून. पडद्यावर तिचा नायक पडत होता आणि निघत होता, पडत होता आणि निघत होता, आणि दरवेळी खोलीतली सगळी माणसं आपले खांदे नकळत त्याच्याबरोबर उचलत होती. तिनं ते बघितलं, अगदी उघडपणे, एकेकाकडे टक लावून बघितलं. “सोमवारी दहाला जमेल?” बाईंनी मागं न बघता विचारलं. “जमेल,” ती म्हणाली, आणि आपला आवाज केवढा मोठा आला ते ऐकून स्वतःच दचकली. मग कुणीतरी म्हणालं, अहो, त्यांना द्या की, त्यांनी अजून हातच लावला नाही, आणि कंट्रोलर तिच्या हातात आला. तिला खेळता येत नव्हतं. त्यामुळं तिला मुद्दाम पडावं लागलं नाही. पुलावर चार पावलं टाकली नाहीत तोच नायक आडवा झाला आणि खोली हसली, ती सगळ्यांत मोठ्यानं. मग तिनं बटण दाबलं आणि तो निघाला.